घट्ट की मऊ

धुळ्यात थंडी पडली की नूतनचं अडेनियम सगळी पानं टाकतं. उरतो तो फुगलेला गड्डा.

फेब्रुवारी सरत आला, तशी कुंडी बदलायला तिने तो उपटला आणि मुळं झाडून गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवला.

"मरी गयं का वं ते?" दारात बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, झोपलंय. दाबून बघायचं. घट्ट लागलं तर जिवंत. मऊ लागलं तर कुजलंय, तेवढं कापून टाकायचं."

सुरी जवळ घेऊन तिने अंगठ्याने गड्डा दाबला. घट्ट होता. दुसऱ्या बाजूनेही घट्टच.

मुळांजवळ दाबलं, तेव्हा आतून कोणीतरी तिचा अंगठा दाबून पाहिला. तिच्यासारखाच, चाचपून. जरा थांबून पुन्हा, त्याच जागी.

"मऊ लागनं का?" सासूबाईंनी विचारलं.