बारा कडव्यांची ऊब

हेल्यूबाईंच्या घरी विटांच्या मोठ्या चुलीतली लाकडं जळून निखारे झाले, की धुराड्याची झडप त्याच बंद करत. उशीर झाला तर सगळी ऊब आभाळात जाई. घाई झाली तर निळ्या ज्योतीचा विषारी वायू घरातच कोंडून राही, आणि तो वायू झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. म्हणून त्या चुलीपुढे बसून बारा कडव्यांचं स्तोत्र संथ चालीत गात. बारावं संपेपर्यंत निळी ज्योत विझलेली असे.

"देवाला थंडी वाजते का हो आई, एवढी ऊब वर पाठवताय ती?" असं सून मारिका पूर्वी चिडवायची. "आधी पाठ कर, मग बोल," म्हणत सासूबाईंनी तिच्याकडून एकेक कडवं घोटून घेतलं होतं.

आज वोरू भागातली ती हाडं गोठवणारी थंडी पडली होती. मारिकाचं बाळ चुलीलगत झोपलं होतं. सातवं कडवं संपलं, हेल्यूबाई "आमेन" म्हणाल्या आणि त्यांचा हात झडपेकडे गेला. मारिकानं तो घट्ट धरला. चुलीत अजून निळी ज्योत नाचत होती.

"आई, पाच कडवी राहिलीत."

"काहीतरीच काय? सातांचंच तर आहे ते. सोड, घर गार होतंय."

हात ओढ घेतच होता. तो हात तसाच धरून मारिकानं आठवं कडवं सुरू केलं. हळूहळू सासूबाईंची मूठ सैल पडली. बारावं संपल्यावर मारिकानं झडप ओढली.

"किती गोड गं," हेल्यूबाई म्हणाल्या. "कुणी शिकवलं तुला?"