दाराची साखळी

खालची खोली रिकामी करायची नोटीस मुलाने परगावाहून भाडेकरू सुताराला पाठवली आणि मला फोनवर बजावलं, "आई, माणूस चिडलेला असणार. दाराची साखळी काढू नकोस." मग काय, मी माझ्याच घरात चोरपावलांनी वावरू लागले. नळसुद्धा हळू सोडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपात किल्ली फिरली. दार साखळीवर अडलं आणि फटीतून सुतार ओरडला, "काकू! आधी ती साखळी काढा!"

मी दोन पावलं मागे सरले. "नाही रे बाबा. मुलाने सांगितलंय."

"मुलगा धावत येणार आहे का? मागे न्हाणीघरात पडलात, त्यानंतर तुम्हीच दिलीत ना मला ही किल्ली? आज सकाळपासून तुमचा नळ नाही, खोकला नाही. जीव टांगणीला लागला माझा! हाकलायचं तर खुशाल हाकला, पण मी खाली आहे तोवर साखळी लावायची नाही."

मी साखळी काढून दार सताड उघडलं. त्याच्या खिशातून नोटीस डोकावत होती.

"दे ती इकडे," मी म्हटलं. "घर अजून माझ्या नावावर आहे."