जोमदार फांदी

बायको गेल्यावर गुलाबप्रेमी मंडळातली तिची खुर्ची टेलरकाकांनी सांभाळली. छाटणीच्या बैठकीत सांगितलेलं त्यांनी घरी मुकाट्यानं केलं: मरतुकड्या फांद्या काढायच्या, जोमदार ठेवायच्या. आज तिच्या लाडक्या झाडाची फांदी त्यांनी बाटलीत खोचून आणली. पानं ढीगभर, फूल एकही नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. “काका, काकूंचं कलम तुम्ही छाटून टाकलंत. ते ज्यावर बांधलं होतं, तो खालचा रानटी खुंट फुटलाय.” “कधी?” “दोन वर्षं तरी झाली.” सगळे आपापल्या फुलांकडे बघत बसले. काकांनी खिशातली मापाची टेप काढली, बोटाला गुंडाळली, सोडली. “मनाला लावून नका घेऊ,” बाई म्हणाल्या. “काकूंनी त्याच झाडाचं मला दिलेलं रोप आहे. त्याचा डोळा, म्हणजे कोंब, याच खुंटावर बांधू. फक्त खुंटाची ही वरची सगळी वाढ उडवावी लागेल.” काकांनी बाटलीतलं पाणी ओतलं, फांदी पिशवीत ठेवली. “राहू द्या. दोन वर्षं रोज मी याच्याशीच बोलतोय.”