पायांचा वास

बॅग घेऊन ऊर्मी दाराशी आली की उंबरठ्यावर जवादूचा वास यायचा. तिचा नवरा कार्तिक रोज कपाळाला लावायचा, ती सुगंधी पूड. तो जाऊन सहा महिने झाले होते, तरी वास असा ताजा, जणू तो आत्ताच चपला घालून बाहेर पडलाय. तिचे पाय जड व्हायचे आणि ती माहेरचं, पुण्याचं तिकीट रद्द करायची.

चेन्नईच्या कॉलेजात ती मुंग्यांबद्दल शिकवायची. मुंग्या गोड रसासाठी मावा नावाचे किडे राखतात. त्यासाठी मुंग्यांना पहारा द्यावा लागत नाही. मुंग्या जिथून चालून गेल्या तिथे त्यांच्या पायांचा वास उरतो, आणि मुंग्या नसल्या तरी किडे त्या वासात सुस्तावून राहतात.

एका पहाटे तिला दाराबाहेर सासूबाई दिसल्या. कोलमची रांगोळी घालण्याआधी त्या तांदळाच्या पिठात कार्तिकच्या डबीतली पूड मिसळत होत्या.

“आई, हे रोज करता?”

“तू गेलीस तर या मैलापुरात माझ्याशी मराठीत कोण बोलणार?” त्या वर न बघताच म्हणाल्या.

गेल्या मार्गशीर्षात सासूबाईही वारल्या. आता ऊर्मीला अडवणारं घरात कोणी नाही.

काल कार्तिकची डबी रिकामी झाली. आजच्या कोलमसाठी ऊर्मी काल संध्याकाळीच जाऊन नवी घेऊन आली.