कागदावरची हातभर माती

जीपमधून उतरल्या उतरल्या मोठ्या साहेबांनी मोजमाप वही मागितली आणि मालोजीनं ती उघडून धरली.

"बांधाची उंची किती लिहिलीय?"

"तीन मीटर साठ," मालोजी म्हणाला. खरी उंची हातभर तरी कमी असणार, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

एकोणऐंशी सालचा मे महिना होता. कशेळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी रोजगार हमीचा हा मातीचा बांध चार महिने चालला होता. मालोजी त्याच्यावरचा ओव्हरसियर. कडावच्या भातशेतीवाल्या घरातला, नोकरी नवी, बायकोचे दिवस भरत आलेले. नियम साधा होता. जेवढी माती खणाल तेवढे पैसे. ज्यांच्या दंडात जोर होता त्यांचं त्यात भागायचं. पण मोतीबाईच्या टोळीत होतं कोण? स्वतः मोतीबाई, साठी कधीच उलटलेली. एका पायानं अधू बुधाजी. अंगावर पिणारं पोर घेऊन आलेली मैना. अशा आणखी तीन-चार टोळ्या होत्या. पहिल्या आठवड्याला त्यांच्या खड्ड्यांचं माप काढलं तर माणशी दिवसाला सव्वा रुपया निघाला. सव्वा रुपयात काय येतं हो? मोतीबाई पैसे पदराच्या गाठीला बांधून चालू लागली. मालोजीला मात्र त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यानं या टोळ्यांचं माप वाढवून लिहायला सुरुवात केली. इथं टीचभर खोली, तिथं वीतभर रुंदी. स्वतः एक पैसा खाल्ला नाही, हे देवाशपथ खरं. पण सरकारनं पाठवलेली थैली एकच. त्यातूनच भुकेल्याचं पोट भरायचं आणि त्यातूनच उद्याचं पाणी अडवायचं. इकडे ओंजळभर जास्त टाकलं की तिकडे ओंजळभर कमी पडणारच. मालोजीनं मनाची समजूत घातली. पोट थांबत नाही, बांधाचं बघू पुढं.

पुढं काय बघणार, कपाळ! वहीतली माती पुरी झाली, पैसे संपले, आणि जादा पाणी सोडायला कडेला दगडी सांडवाही बांधून झाला. सांडवा बांधला तो नकाशातल्या उंचीच्या हिशेबानं. तेव्हा कुठं मालोजीचे डोळे उघडले. बांध जर हातभर बुटका असेल तर पुराचं पाणी सांडव्यातून जाणारच नाही. ते मातीवरून जाईल, आणि मातीवरून गेलेलं पाणी माती घेऊनच जातं. खालची खाचरं कुणाची? बुधाजीची, मैनेच्या सासऱ्याची, त्याच सगळ्यांची. ज्यांना चार घास मिळावेत म्हणून खोटं लिहिलं, त्यांचीच शेतं वाहून जायची. त्या दिवसापासून बांधाकडे मान वर करून बघायची त्याची छाती होईना, मग टेप लावणं दूरच.

"उंची मोजायची दुर्बीण लावा रे," साहेबांनी माणसांना सांगितलं.

पट्टीवाला बांधावर चढू लागला. सांगितलं तर नोकरी जाणार, नाही सांगितलं आणि पट्टी नेमकी उंचवट्यावर टेकली तर बांध. मालोजीला एकदम बायको आठवली, तिचं जड झालेलं पाऊल आठवलं. मग खालची खाचरं दिसली. त्यानं डोळे मिटले.

"साहेब, माप खोटं आहे. मी वाढवून लिहिलंय. बांध कमी भरेल."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मालोजी जागच्या जागी अर्धा झाला. "किती कमी?"

"हातभर. म्हातारी माणसं होती, साहेब. त्यांना मजुरी पडत नव्हती."

साहेबांनी स्वतः वाकून दुर्बिणीला डोळा लावला. पट्टी पुढं सरकवायला लावली, पुन्हा पाहिलं. या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग खिशातून पेन काढून वहीवर सही ठोकली.

"तीन साठ. दोन ठिकाणी पासष्ट. ऊन लागलंय का तुम्हाला? घरी जा, कांदा लावा डोक्याला."

जीप धुरळा उडवत कशेळ्याच्या रस्त्याला लागली. मालोजी बांधावर चढला. पायाखालची माती चोपून बसवलेली, आणि रंग तांबडा. टोळ्यांच्या खड्ड्यांतली माती तर काळपट होती. ही तांबडी माती ओढ्यापलीकडच्या टेकाडाची. तिथं त्यानं एकही खड्डा आखून दिला नव्हता.

मोतीबाई बांधाच्या कडेला घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती.

"मोतीबाई, ही माती कुणी टाकली?"

"आमीच की. बाजाराच्या दिशी काम बंद आसतं, तुमी जाता कर्जतला हापिसात. मंग आमी येतो हितं. समद्या टोळ्या येत्यात, ती दांडगी पोरं बी येत्यात."

"पण का? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे?" मोतीबाई हसली. "पयल्या आठवड्याला सव्वा रुपया दिलात, दुसऱ्याला तीन. आमचं दंड काय आठ दिसांत जाड झालं व्हतं? आमची घमेली आमाला मोजता येत्यात, भाऊ."

मालोजीचे डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत. "मी खोटं लिहिलं होतं, मोतीबाई," एवढंच तो म्हणाला.

"खोटं कुटं?" ती उठली, घमेलं काखेत मारलं. "तुमी आदी लिवलंत, आमी मागनं टाकली. येवडंच."