नोंद : घरघर

बोलत्या शब्दकोशाचं काम ‘घरघर’पाशी अडलं होतं. ‘धाप’साठी शिपायाला दोनदा जिना चढायला लावलं होतं, ‘घोरणं’ खुद्द प्रमुख संपादकांनी बैठकीत, नकळत, पुरवलं होतं.

“घरघरीसाठी नट बोलावू?” ध्वनिमुद्रकाने विचारलं.

“नटाची नको,” कोशकार म्हणाला. “त्याला काम आटोपून घरी जायचं असतं. ते आवाजात कळतं.”

अर्थ त्यानेच लिहिला होता : अखेरच्या काळी श्वासाबरोबर घशातून येणारा आवाज. धाप टाकता येते, सुस्कारा सोडता येतो. घरघर फक्त लागते.

तो आवाज त्याच्या घरातच होता. आई अंथरुणाला खिळून होती आणि तिला त्याच्यावाचून कोणी नव्हतं. कचेरीच्या गलक्यात बुडालेला तो ओला, खरखरीत स्वर संध्याकाळी तिच्या उशाशी बसताच पुन्हा वर येई. ऐकता ऐकता खिडकीतला उजेड विझून जाई. ती जाताना आपण जवळ असावं, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं.

“आजींची छाती स्वच्छ आहे हो,” डॉक्टर म्हणाले होते. “उगाच धास्ती घेताय. स्वतःकडे बघा जरा.”

त्याने ते कानाआड केलं. जिन्यात हल्ली मध्येच थांबावं लागे. जागरणं, दुसरं काय. पण कान शाबूत होते, आणि कानांवरच त्याचं पोट होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्याने आईची उशी आणि आपली खुर्ची यांच्यामध्ये ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं. आपण चोरी करतोय असं त्याला वाटलं. पण तिच्यातलं जपून ठेवण्याजोगं आता श्वासाखेरीज काय उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रकाने ते लावलं आणि डोळे मिटले.

“हीच,” तो हलकेच म्हणाला. “खोलीत आणखी कोण होतं?”

“आम्ही दोघंच.”

ध्वनिमुद्रणात पेला किणकिणला. आई पाणी प्यायली, सावकाश, घोट घोट. मग तिचा आवाज आला, झिजलेला पण स्वच्छ :

“पुरे रे, बाळा. आता तू पड जरा. उद्या पुन्हा माझं सगळं तुलाच करायचंय.”

तिचं बोलणं संपेपर्यंत घरघर एकदाही थांबली नाही.