सपाट माळ

“कबरीवरून घोडे न्या,” कॅप्टननं हुकूम सोडला. “खूण राहिली तर शत्रू प्रेत उकरून काढेल.”

प्रेत होतं एल्मरचं, माझ्या धाकट्या भावाचं. तुकडीचे चाळीस घोडे त्याच्यावरून गेले. माझा घोडा मात्र कबरीपाशी येऊन अडला. मी जोरात टाच मारली, तेव्हा कुठे गेला. डाकोटाचा माळ पुन्हा सपाट झाला.

मोहीम संपल्यावर एल्मरला आईकडे न्यायला मी त्याच घोड्यावर फावडं बांधून परतलो. तीन दिवस खणलं, काही सापडेना. शेवटी सोबतचा सार्जंट म्हणाला, “लगाम सोड. घोडा अडेल तिथं खण.”

मी लगाम सोडला. घोडा सगळा माळ तुडवत निमूट चालत राहिला. अडायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.